सतरा नंबरचे दात

माझ्या कॉम्प्युटरनं एका सकाळी मला सांगितलं, की वाळूजच्या एका अंगणवाडीतल्या सतरा नंबरच्या मुलीचे किडके दात सहा महिन्यांत आपोआप बरे झाले आहेत. समोरच्या दोन दातांना भोकं होती, ती बुजली. शेजारच्या दोन दातांवर पांढरे डाग होते, ते गेले. डावीकडची एक दाढ आधीच्या तपासणीत अर्धी पोखरलेली होती, ती तर नव्यासारखी झाली होती.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आयुष्यभर आकडे पाहिले, पण ते आकडे ज्या तोंडातून येतात त्या तोंडात डोकवायची वेळ कधी आली नव्हती. या भानगडीत मला ओढलं ते एका दातांच्या डॉक्टरबाईंनी. त्या वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, उंचीनं तर फारच लहान, पण चालायला लागल्या की मला मागून पळावं लागायचं. वाळूजच्या कंपन्यांभोवती कामगारांच्या ज्या वस्त्या आहेत, तिथल्या अंगणवाड्यांत त्या दर सहा महिन्यांनी जायच्या आणि पोरांचे दुधाचे दात तपासायच्या. वस्त्या भरपूर, बाई एकट्या. म्हणून त्यांना आधीच कळायला हवं होतं, की कुठल्या पोराची कीड पळत पुढं जाईल आणि कुठल्याची रेंगाळेल.

"म्हणजे आधी कुणाकडं जायचं ते ठरवता येईल. जमेल ना सर?" त्यांनी विचारलं होतं.

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणालो. दातांबद्दल मला तोवर एवढंच माहीत होतं, की ते दुखतात.

मी चार पायऱ्या केल्या. शून्य म्हणजे चांगला दात. एक म्हणजे पांढरा डाग, इथून कीड सुरू होते. दोन म्हणजे भोक. तीन म्हणजे दात गेल्यातच जमा. प्रत्येक दात आज कुठल्या पायरीवर आहे आणि सहा महिन्यांपूर्वी कुठं होता, हे शेकडो दातांचं पाहिलं, की पुढच्या दाताची शक्यता सांगता येते. त्यात मी एक नियम घातला: दात खालच्या पायरीवर उतरेल, नाही तर आहे तिथंच थांबेल, वर चढणार नाही. हा नियम मला फार आवडला होता. त्यानं गणित सुटसुटीत झालं होतं. डॉक्टरबाईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, साधारणपणे." मी 'बरोबर आहे' एवढंच ऐकलं.

आणि आता ही सतरा नंबर सरळ जिना चढून वर गेली होती.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. "डॉक्टर, त्या दिवशी तुमच्या बॅटरीतले सेल उतरले होते का?"

त्यावर त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही चष्मा लावून टाइप केलं होतं का?"

आकडे मी स्वतःच भरायचो, कारण माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. त्या दातही स्वतःच तपासायच्या, कारण त्यांचाही नव्हता. तेव्हा चूक दोघांपैकी एकाची होती आणि ती दुसऱ्याची आहे याबद्दल दोघांनाही खात्री होती. शेवटी ठरलं, की सतरा नंबरचं तोंड पुन्हा जाऊन बघायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला क्रांती चौकातून गाडीत घेतलं. वाळूजपर्यंत आम्ही एकमेकांशी फार आदरानं बोललो.

अंगणवाडी म्हणजे एकच खोली होती. भिंतीवर फळं, भाज्या आणि आठवड्याचे वार रंगवलेले, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं, आणि मध्ये सतरंजीवर पोरं. तिथं सेविका एकच, पन्नाशीच्या. अर्धी पोरं त्यांना ताई म्हणायची, अर्धी खाला, आणि त्या दोन्हीला सारख्याच ओरडून उत्तर द्यायच्या. आम्हाला बघून त्यांनी दोन खुर्च्या पुढं केल्या. पोरांच्याच होत्या. मी बसलो तेव्हा माझे गुडघे कानाशी आले.

"सतरा नंबरला बोलवता का जरा?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

सेविकांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "सतरा नंबर? ती आज आली नाय."

"काल आली होती?"

"काल बी नाय."

तेवढ्यात सतरंजीवरून एक बुटकी, गोबऱ्या गालांची पोरगी उठली, आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तोंडाचा आ करून दाखवला. सगळे दात मोत्यासारखे. तोंड मिटून ती अभिमानानं म्हणाली, "त्या दिवशी मी सतरा नंबर झालते!"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी डॉक्टरबाईंकडं, आणि दोघांनी मिळून सेविकांकडं.

"बैठ जा तू," सेविका त्या पोरीला म्हणाल्या. मग पदर सारखा करून त्यांनी एक उसासा सोडला. "हौ सर. खोटं कशाला बोलू? सतरा नंबरवाली दिवाळीपासून सोयगावला आहे, तिच्या नानाकडं. आईचे वडील. इथं आई-बाप दोघं कंपनीत, शिफ्ट बदलली की पोरीला बघायला कोण नाय. ही तिच्या शेजारची. तपासणीच्या दिवशी हिला बसवलं तिच्या जागी."

"पण का?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

"आता सरांनाच विचारा." सेविकांनी माझ्याकडं बोट केलं. "ट्रेनिंगला सर काय म्हटले होते? रिकामा रकाना दिसला की माझ्या छातीत कळ येते. टेबलावर हात आपटून म्हटले. आम्ही सगळ्याजणी घाबरलो. म्हटलं वयस्कर माणूस आहे, आपल्यापायी काही झालं तर?"

हे मी म्हणालो होतो, तपासणी सुरू व्हायच्या आधी सगळ्या सेविकांना तक्ते समजावून सांगताना. विद्यार्थ्यांसमोर गेली पंचवीस वर्षं म्हणत होतो आणि आजवर कुणीही त्यावर काही केलं नव्हतं. माझं बोलणं इतक्या मनापासून ऐकणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं आणि त्यानं माझं सगळं गणित उधळून लावलं.

डॉक्टरबाई आधी चिडल्या होत्या. मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"आणखी किती पोरं अशी बदललीत?" मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं.

सेविकांनी पेन्सिल घेतली आणि एकेका नावासमोर न चुकता फुल्या मारल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होत्या, आणि त्यांना वाटलं असावं त्यापेक्षा मला कमी राग आला. मी म्हणालो, "काही हरकत नाही. ही खोटी तोंडं काढून टाकू. रिकाम्या जागी काय धरायचं त्याची आमच्याकडं रीत आहे. जी पोरं आली त्यांच्यावरून न आलेल्यांचा अंदाज बांधायचा."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे आलेल्या पोरांचे दात जसे, साधारण तसेच न आलेल्यांचे असतील असं धरायचं."

सेविकांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्या सतरंजीवर सू केलेल्या पोराकडं बघत असाव्यात. रागावून नाही, पण आता हे सगळं पुसावं लागणार अशा नजरेनं.

"सर, ही नवव्या नंबरची," त्या एका फुलीवर बोट ठेवून म्हणाल्या. "त्या दिवशी का आली नाय? गाल सुजला होता. ही बाविसावी. दोन रात्री झोपली नव्हती दाढेनं, सकाळी डोळा लागला तर आई म्हटली झोपू दे. हा तिसरा नंबर, ह्याचे समोरचे सगळे काळे, डॉक्टर येणार म्हटलं की पलंगाखाली घुसतो. एकतीस नंबर गावाला गेलता, त्याचं जाऊ द्या. पण हे बाकीचे दातापायीच आले नाय. आणि तुम्ही म्हणता आलेल्यांसारखेच धरा?"

माझ्या विषयात या गोष्टीला एक लांबलचक नाव आहे. मी ते दर वर्षी फळ्यावर लिहितो, त्याच्याखाली दोन रेघा मारतो आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही काढतो. जे गैरहजर आहेत ते नेमके ज्या गोष्टीची मोजणी चालली आहे त्या गोष्टीमुळंच गैरहजर असतील, तर हजर असलेल्यांवरून काढलेला अंदाज फसवा असतो. एवढं सगळं माहीत असून ते ओळखायला मला खिचडीच्या पातेल्याशेजारी, गुडघे कानाशी घेऊन बसावं लागलं.

"चहा घेणार?" सेविकांनी विचारलं. माझा चेहरा फारच पडला असावा.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही फुल्या मारलेल्या पोरांच्या घरी फिरलो. सेविका पुढं, डॉक्टरबाई त्यांच्यामागं, आणि वही घेऊन मी. पत्र्याच्या खोल्या, दारात वाळत घातलेले कंपनीचे गणवेश, आत रात्रपाळी करून झोपलेले बाप. पलंगाखालच्या तिसऱ्या नंबरला डॉक्टरबाईंनी स्वतः पलंगाखाली सरपटत जाऊन तपासलं. तिथून त्या आकडे ओरडत होत्या आणि मी बाहेर लिहीत होतो. दोन, दोन, तीन, तीन, दोन. सेविका म्हणाल्या होत्या तसंच निघालं. नवव्या नंबरच्या हिरडीत पू झाला होता. तिच्या आईला डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं आणि तिनं 'येते' म्हटल्यावरही तिला घेऊन येण्याचं शेजारणीकडून कबूल करून घेतलं.

राहिली सतरा नंबर.

"सोयगाव म्हणजे शंभरेक किलोमीटर," मी गाडीत म्हणालो. "एका तोंडासाठी?"

"त्या पोरीनं पहिल्या तपासणीला माझं बोट चावलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धी दाढ पोखरलेली असताना. एवढ्या पोरांत चेहरा विसरले, चावा नाही. तिच्या आईला चिठ्ठी लिहून दिली होती. तिचं पुढं काय झालं ते मला बघायचंय. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मी गेलो नसतो तर आकडे दुसऱ्या कुणीतरी लिहिले असते. त्यामुळं मी गेलो. सेविकाही आल्या, कारण त्यांचं म्हणणं होतं की दोन अनोळखी माणसं येऊन नातीचं तोंड उघडायला सांगताहेत म्हटल्यावर नाना दारातूनच हाकलतील.

निघालो तो रविवार होता. सिल्लोडला चहा आणि भजी घेतली. मी चहात वरून साखर घालून घेतली, तेव्हा डॉक्टरबाईंनी चमचे मोजल्याचं मला दिसलं. सेविकांना मात्र वेगळंच दिसलं.

"सर एकाच बाजूनं चावतात," त्या म्हणाल्या.

"सवय आहे," मी म्हणालो.

"हौ. दुखऱ्या बाजूनं न चावायची सवय समद्यांनाच असती."

अजिंठ्याचा घाट उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खाली उतरल्यावर दोन्ही बाजूंना कपाशी लागली. सोयगावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. नानांचं मोटर वाइंडिंगचं दुकान बाजारापासून जवळच होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी पायरीपर्यंत मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये तांब्याच्या तारेची रिकामी रिळं एकावर एक रचत सतरा नंबर बसली होती. बारीकशी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. डॉक्टरबाईंना बघताच तिनं ओळखलं. दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि नानांच्या धोतरामागं गेली.

नाना सत्तरीचे असतील. हाताला वंगण, कानावर पेन्सिल. सेविकांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं.

"एवढ्या लांब? हिच्या दातासाठी?"

"व्हय," सेविका म्हणाल्या. "सरकारी नाय, बिरकारी नाय. ह्यांचं हेच काम आहे."

नानांना आमची थोडी दया आल्यासारखी वाटली. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. पण पोरगी तोंड उघडेना. डॉक्टरबाईंनी बॅटरी दाखवली, गोष्ट सांगितली, फुगा काढला. काही नाही. सेविकांनी आवाज चढवून बघितला. ओठ आणखी आत गेले.

मग नाना म्हणाले, "थांबा." ते तिच्यासमोर उकिडवे बसले, तोंडात हात घातला आणि वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. मग खालची. त्यांचे गाल एकदम आत गेले. "ह्ये बघ," ते बोबडं बोलले, "म्या तर काढून दावले. तुला नुस्तं उघडायचंय."

पोरगी खुदकन हसली. पण हसतानाही तिनं तोंडावर हात धरला होता. मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "आधी त्ये."

डॉक्टरबाईंनी बॅटरी तिच्याच हातात दिली. मी खाटेवर आडवा झालो आणि आ केला. संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या तोंडात चार वर्षांची पोरगी बॅटरी घेऊन डोकावत होती. तिच्या मागून डॉक्टरबाई डोकावत होत्या, आणि त्यांच्या मागून, गरज नसताना, सेविका.

"हितं भोक आहे," पोरगी म्हणाली.

"मोठं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शाब्बास. सर, उद्या सकाळी दवाखान्यात. आकडा लिहून घ्या, दोन."

त्यानंतर पोरगी खाटेवर चढली आणि स्वतःहून तोंड उघडलं.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं. आरसा आत घातला, दात कापसानं पुसले, पुन्हा बघितलं. आधी जिथं भोकं होती तिथं बोथट सळईनं हलकेच दाबलं. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि मग गेली.

"लिहू ना?" मी पेन सरसावून विचारलं. आमच्या हिशेबानं त्या दाढेचं तीन व्हायला हवं होतं. समोरचे दातही, आमच्या शक्यतांप्रमाणं, बहुतेक गेल्यातच जमा.

"समोरच्या दोन दातांना भोकं आहेत. पण कडक झालीत. काळी आणि गुळगुळीत. कीड थांबलीय," त्या म्हणाल्या. "दाढेतली पण थांबलीय. आणि शेजारच्या दोन दातांवर डाग होते ना, ते जवळजवळ गेलेत. सर, थांबलेल्या किडीला तुमच्याकडं कोड आहे का?"

"नाही."

"आणि डाग गेला तर?"

"तसं होत नाही."

"होतं. भोक बुजत नाही, पण डाग जाऊ शकतो. मी म्हणाले होते तुम्हाला, साधारणपणे."

मी वहीच्या कोऱ्या पानावर चक्क मराठीत लिहिलं: थांबली. थांबली. थांबली. गेला. गेला.

नानांनी तोवर कवळ्या धुऊन परत बसवल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं, की तुम्ही नक्की काय केलंत? त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. ते घाईनं म्हणाले, "म्या काय केलं नाय बाई. आली तवा दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायची. चार वर्साची पोर आन बाटली! साखर घातलेलं दूध. आई-बाप तरी काय करतील, दोघं दमून येतात, पोर रडाया लागली की बाटली देतात. म्या चार दिवस तिचं रडणं ऐकलं आन बाटली बंद केली. सकाळ-संध्याकाळ हिचे दात मी घासतो. माझे घासायचं काम राहिलंच नाय, मंग येळ असतो."

"पेस्ट कुठली?"

ते आत जाऊन ट्यूब घेऊन आले. साधीच होती, दुकानात मिळते ती. डॉक्टरबाईंनी मागची अक्षरं वाचली, मान डोलावली आणि वाटाण्याएवढीच घ्या म्हणून सांगितलं. नानांनी तो वाटाणा नेमका केवढा, ओला की वाळलेला, हे विचारून घेतलं. मोटरला तार गुंडाळणारा माणूस होता, त्याला मापात ढिलाई चालत नसे.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. परतताना गाडीत मी वहीचं तेच पान पुन्हा पुन्हा बघत होतो. सेविका मागच्या सीटवर झोपल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. तुमचं गणित छान होतं."

"होतं," मी म्हणालो.

पुढचे काही महिने मी ते सगळं पुन्हा मांडलं. किडीला थांबायची मुभा दिली. डागाला मागं जायची मुभा दिली. आणि न आलेल्या पोरांसाठी एक नवा रकाना केला: का आला नाही. तो सेविकांनी भरायचा होता. पहिल्या महिन्याचे कागद आले ते मी जेवणाच्या टेबलावर बायकोला वाचून दाखवले. 'रुसली.' 'मामाचं लग्न.' 'गाल सुजला, डॉक्टरला सांगा.' 'आईची रात्रपाळी, उठलीच नाय.' 'दात दुखतो पण आई म्हणते दुखत नाय.' बायको म्हणाली, तुझ्या आजवरच्या कामात वाचण्यासारखं हे पहिलंच आहे. तोवर माझी दाढ भरून झाली होती, त्यामुळं मी दोन्ही बाजूंनी चावत तिचं ऐकून घेतलं.

नव्या मांडणीत वस्त्यांचा क्रम पार बदलला. जिथं हजेरी भरपूर आणि दात बरे दिसत होते, अशी एक वस्ती खाली गेली. जिथं फार पोरं तपासणीला येतच नव्हती, ती वर आली. डॉक्टरबाईंनी तो कागद बघितला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "मग सोमवारी तिथं जाऊ." एवढंच. पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्या कागदावर इतक्या लवकर कुणी काही केलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सेविकांनी अंगणवाडीत पालकांची बैठक बोलावली आणि मला बोलायला लावलं. मी एक तक्ता नेला होता, रंगीत रेघांचा. आया पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मागं काही बाप उभे होते, पहिल्या पाळीहून सुटून थेट आलेले. मी रेघा समजावून सांगितल्या. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मागून एकजण पुढं आला. निळा गणवेश, हातात हेल्मेट. तो सतरा नंबरचा बाप होता.

"सर, एक विचारू? माझी पोरगी सासऱ्याकडं आहे. तिथं तिचे दात थांबले असं ताई म्हटल्या. आता जूनमधी तिला शाळेसाठी परत आणायचीय. आणली तर पुन्हा किडतील का? का तिथंच ठेवू? तुमच्या ह्या रेघा काय म्हणतात?"

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी तक्त्याकडं पाहिलं. माझ्या रेघा सांगत होत्या, की अशा शंभर पोरांपैकी साधारण कितीजणांची कीड पुढं जाईल. त्याच्या पोरीबद्दल त्या काहीच सांगत नव्हत्या. मी तसं त्याला सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाय."

"नाही. तुमच्या मुलीचं मला माहीत नाही."

"मंग हे समदं कशाला?" त्यानं भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सेविका उठल्या. "अरे, हे डॉक्टर मॅडमसाठी आहे, तुझ्यासाठी नाय. मॅडमनं कुठल्या वस्तीत आधी जायचं ते ह्याच्यावरनं कळतं. तुझ्या पोरीचं तर तुझ्याच हातात आहे. सासरा सकाळ-संध्याकाळ घासतो. तू घासशील का?"

"माझी पाळी बदलती ताई."

"तुझी बदलती तवा बायकोची नसती. दोघांनी मिळून ठरवा. आणि बाटली सासऱ्यानं सोडवलीय, ती पुन्हा लावली तर मी घरी येऊन फेकून देईन."

बायका हसल्या. तोही हसला, पण जायच्या आधी त्यानं डॉक्टरबाईंना गाठून काहीतरी विचारलं. त्या बोटांनी हवेत दात घासून दाखवत होत्या आणि तो हेल्मेट काखेत धरून तसंच करून बघत होता.

जूनमध्ये पोरगी परत आली. तिचे दात कोण घासतं हे मी विचारलं नाही. सेविकांनीच सांगितलं, की घरात कॅलेंडरवर खुणा आहेत, एका पाळीला आईच्या आणि एका पाळीला बापाच्या, आणि मध्ये काही दिवस कुणाच्याच नाहीत.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीला ती रांगेत पहिली उभी राहिली. वेण्या या वेळी जरा सैल होत्या. डॉक्टरबाई आकडे सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. समोरचे दोन, थांबलेले. शेजारचे दोन, चांगले. डावीकडची दाढ, थांबलेली. मग त्या उजवीकडं वळल्या आणि बॅटरी आणखी जवळ नेली.

"उजवी दाढ, एक," त्या म्हणाल्या. "नवीन आहे."

दारात तिचा बाप उभा होता. दुपारच्या पाळीची बस पकडायची म्हणून घाईत होता. डॉक्टरबाईंनी त्याला जवळ बोलावलं, पोरीचा गाल बोटानं बाजूला केला आणि तो पांढरा ठिपका दाखवला. त्यानं वाकून बघितलं. "हा कालपर्यंत नव्हता," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "म्हणजे, मी बघितलाच नव्हता."

"अजून डागच आहे, भोक नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही तुमचा. जरा आत घालायचा."

"आत घालतो," तो म्हणाला. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बससाठी पळाला. मी रकान्यात एक लिहिला. डॉक्टरबाईंनी पुढच्या पोराला हाक मारली.